गॅब्रो: एका काळ्या, भरडकणी खडकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला पायाखालचा खडक सहसा दिसत नाही. विश्वामित्रीच्या काठी खणा किंवा नव्या इमारतीच्या पायासाठी खड्डा घ्या, गाळाची माती, वाळू आणि कंकर यांखेरीज फारसे काही हाती लागत नाही, कारण शहर नद्यांनी आणून टाकलेल्या जाड गाळावर वसलेले आहे. खडकाशी आपली गाठ पडते ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, जिन्याच्या पायरीवर, कारखान्यात मापे तपासायच्या सपाट पाटीवर म्हणजे सरफेस प्लेटवर, नाहीतर छोटा उदेपूरच्या वाटेवर डोंगर लागू लागले म्हणजे. त्यामुळे इथल्या मराठी वाचकांचे प्रश्नही बहुधा तिथूनच सुरू होतात.

गॅब्रो म्हणजे नेमका कोणता खडक?

जमिनीखाली खोलवर शिलारस सावकाश थिजून तयार झालेला, सिलिकेचे प्रमाण कमी असलेला आणि ज्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना सुटे सुटे दिसतात असा अग्निज खडक म्हणजे गॅब्रो. भूविज्ञानाच्या भाषेत तो पातालिक, भरडकणी आणि अल्पसिकत खडक आहे. या तीन विशेषणांतले एक जरी गळले तरी खडक बदलतो. कण बारीक असतील तर तो बेसॉल्ट, मध्यम असतील तर डोलेराइट आणि सिलिका वाढून क्वार्ट्झ व पोटॅश फेल्स्पार भरपूर आले तर ग्रॅनाइट. रंग या यादीत मुद्दामच घेतलेला नाही. काळा रंग हे गॅब्रोचे नेहमीचे लक्षण असले तरी ती त्याची व्याख्या नव्हे.

त्यात कोणती खनिजे असतात आणि ती डोळ्यांनी ओळखता येतात का?

मुख्य खनिजे दोनच, कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज फेल्स्पार आणि पायरोक्सीन. पायरोक्सीन बहुधा ऑजाइट जातीचे असते. यांच्या जोडीला कधी ऑलिव्हीन, कधी ऑर्थोपायरोक्सीन, कधी हॉर्नब्लेंड असते, आणि थोड्या प्रमाणात मॅग्नेटाइट, इल्मेनाइट व ॲपेटाइट ही खनिजे जवळजवळ नेहमी सापडतात. क्वार्ट्झ नसतो, किंवा असलाच तर अगदी नगण्य असतो.

ओळखण्यासाठी झिलई केलेला पृष्ठभाग उपयोगाचा नाही. ताजा फुटलेला तुकडा आणि दहापट मोठे दाखवणारे हातभिंग घ्यावे. तुकडा उन्हात सावकाश फिरवला की एका ठरावीक कोनात करड्या-पांढऱ्या लांबट पट्ट्या एकदम चमकून उठतात. ते प्लॅजिओक्लेजचे स्फटिक होत. त्यांच्या चमकत्या तोंडावर फूटपट्टीने आखाव्यात तशा बारीक समांतर रेघा दिसल्या तर शंकेला जागाच उरत नाही, कारण या रेघा त्या खनिजातल्या जुळ्या स्फटिकांमुळे उमटतात आणि पोटॅश फेल्स्पारमध्ये त्या अशा दिसत नाहीत. पट्ट्यांच्या मधल्या जागेत काळपट-हिरवे किंवा तपकिरी, आखूड आणि जाडसर दाणे असतात. ते पायरोक्सीन. पायरोक्सीन दोन दिशांनी जवळजवळ काटकोनात फुटते, तर हॉर्नब्लेंडच्या दोन पाटनांमधला कोन सुमारे १२४ अंशांचा असतो. दोन्ही खनिजे काळी असल्याने नवशिक्यांची जी गफलत होते ती या एका खुणेने टळते. ऑलिव्हीन असल्यास त्याचे काचेसारखे, पिवळसर-हिरवे, गोलसर दाणे दिसतात. जुन्या, हवा-पाणी लागलेल्या तुकड्यात मात्र ते तांबूस झालेले असतात.

पुष्कळ गॅब्रोंमध्ये प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या पायरोक्सीनच्या मोठ्या दाण्यात अर्धवट किंवा पूर्ण रुतलेल्या आढळतात. अशी रचना दिसली की पट्ट्या आधी तयार झाल्या आणि उरलेली जागा पायरोक्सीनने नंतर व्यापली, असा क्रम वाचता येतो.

निम्म्याहून अधिक फेल्स्पार असूनही खडक काळा कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याने खडक नीट पाहिलेला असतो. कित्येक गॅब्रोंमध्ये प्लॅजिओक्लेजचे प्रमाण खरोखरच निम्मे किंवा त्याहून जास्त असते आणि तरीही झिलई केलेली लादी जवळजवळ काळीभोर दिसते. याचे कारण फेल्स्पारच्या आत आहे. अशा खडकांतल्या प्लॅजिओक्लेजमध्ये मॅग्नेटाइट व इल्मेनाइटसारख्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात आणि तेच त्याला काळपट छटा देतात. शिवाय पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरून प्रकाश विखुरत नाही, तो पारदर्शक स्फटिकात आत शिरतो आणि तिथेच शोषला जातो. म्हणून एकाच दगडाची झिलई केलेली बाजू काळी आणि तुटलेली कड राखाडी दिसते.

रासायनिक घटक कोणते?

सिलिका साधारणपणे ४५ ते ५२ टक्के असते. ॲल्युमिना पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम ऑक्साइड दहाच्या आसपास, लोहाची ऑक्साइडे व मॅग्नेशिया प्रत्येकी सात ते अकरा टक्क्यांच्या दरम्यान, सोडा म्हणजे सोडियमचे ऑक्साइड दोन-तीन टक्के आणि पोटॅश म्हणजे पोटॅशियमचे ऑक्साइड बहुधा एका टक्क्याहून कमी. हे आकडे ढोबळ आहेत आणि थरयुक्त गॅब्रोत एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत ते खूप बदलतात. ग्रॅनाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, एवढे लक्षात ठेवले तरी दोघांची जात वेगळी हे पटते.

बेसॉल्टचे आणि गॅब्रोचे घटक सारखेच, मग खडक वेगळे का?

थिजायला मिळालेला वेळ वेगळा, म्हणून. लाव्हा पृष्ठभागावर आला की त्याची उष्णता हवेत आणि जमिनीत झपाट्याने निघून जाते. असंख्य ठिकाणी एकाच वेळी स्फटिक धरू लागतात आणि कोणताही स्फटिक वाढण्याआधीच सारे घट्ट होऊन जाते. तोच शिलारस काही किलोमीटर खोलीवर अडकला तर भोवतालचा खडक त्याला उबदार आवरणासारखा वेढून असतो. तिथे थोडेच स्फटिक धरतात आणि त्यांना आकाराने वाढायला भरपूर अवधी मिळतो.

किती अवधी, याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. खडकातून उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या पटीत वाढत नाही, जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एक मीटर जाडीची शिलारसाची भित्ती, म्हणजे खडकाच्या भेगेत भिंतीसारखा उभा भरलेला शिलारस, दहा-बारा दिवसांत बरीचशी निवते. जाडी शंभर मीटर झाली की दहा हजारपट, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे लागतात. एक किलोमीटर जाडीच्या वस्तुमानाला तीस हजार वर्षांच्या घरातला काळ लागतो. यात स्फटिकीभवनाच्या वेळी बाहेर पडणारी सुप्त उष्णता, नव्याने येऊन मिळणारा शिलारस आणि खडकातून फिरणारे पाणी धरलेले नाही. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी काळ वाढवतात, तिसरी कमी करते. तरीही दिवस आणि हजारो वर्षे यांतले अंतर एवढे मोठे आहे की एकाच रसायनाचे दोन खडक का होतात, हे यावरून स्पष्ट होते.

एक पुस्ती मात्र जोडायला हवी. स्फटिकांचा आकार केवळ वेळेवर ठरत नाही. शिलारसात पाणी जास्त असेल तर अणूंची हालचाल सुलभ होते आणि तुलनेने कमी काळातही बोटभर लांबीचे स्फटिक वाढू शकतात. गॅब्रोच्या वस्तुमानात अधूनमधून अशा अतिभरड कणांचे पुंजके सापडतात, ते या कारणाने.

हा शिलारस मुळात येतो कुठून?

पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातून. प्रावरण द्रवरूप आहे असा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. प्रावरण घन आहे, फक्त भूवैज्ञानिक काळाच्या मापाने ते अतिशय मंद गतीने वाहते. तिथला पेरिडोटाइट हा खडक वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, दाब घटला की वितळबिंदूही खाली येतो आणि बाहेरून जादा उष्णता न मिळताही त्याचा काही अंश वितळतो. हा अंश थोडाच असतो आणि त्यात मूळ खडकाच्या मानाने सिलिका, ॲल्युमिना व कॅल्शियम जास्त उतरतात, तर मॅग्नेशियमचा मोठा वाटा न वितळलेल्या भागात राहून जातो. अशा रीतीने निपजलेला द्रव बेसॉल्टच्या घटकांचा असतो आणि त्याचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यातला जो पृष्ठभागावर पोहोचला तो बेसॉल्ट झाला. जो वाटेत कवचात थांबला तो गॅब्रो.

दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जो प्रचंड लाव्हा पसरला, त्याचा संबंध बहुतेक संशोधक आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त उद्गमाशी, म्हणजे प्रावरणातून तापलेला खडक वर येणाऱ्या जागेशी, जोडतात. त्या लाव्हाने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. खंबातच्या खोऱ्यात तर तेलयुक्त गाळाच्या थरांखाली तळाशी हाच बेसॉल्ट सापडतो. एवढा लाव्हा ज्या वाटांनी वर आला, त्या वाटांवर आणि कोठारांत काही शिलारस मागे राहून थिजणे अपरिहार्यच होते.

गॅब्रोत गाळाच्या खडकासारखे थर कसे दिसतात?

कोठारात शिलारस निवू लागला की सगळी खनिजे एकदम तयार होत नाहीत. जास्त तापमानाला ऑलिव्हीन आणि कॅल्शियम अधिक असलेले प्लॅजिओक्लेज, मग पायरोक्सीन, पुढे लोह-टायटॅनियमची ऑक्साइडे, असा साधारण क्रम असतो. शिलारसाच्या घटकांप्रमाणे तो पुढेमागे होतो. नॉर्मन बोवेन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगशाळेत भट्टीतले प्रयोग करून हा क्रम मांडला आणि एकाच शिलारसातून अनेक खडक कसे उपजतात याचा पाया घातला. स्फटिक बाजूला पडत गेले की उरलेला द्रव बदलतो: मॅग्नेशियम घटते, सोडियम, पोटॅशियम आणि अखेरीस सिलिका वाढते. प्लॅजिओक्लेजच्या एकाच स्फटिकातही हे दिसते. त्याचा गाभा कॅल्शियमने समृद्ध असतो आणि कडेला सोडियम वाढलेले असते.

थरांचे जे स्पष्टीकरण शाळा-महाविद्यालयांत दिले जाते ते असे की जड स्फटिक तळाशी बसतात आणि हलके वर राहतात. ऑलिव्हीन आणि पायरोक्सीन यांची घनता ३.२ च्या पुढे व शिलारसाची २.७ च्या आसपास असल्याने त्यांच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे. पण प्लॅजिओक्लेजची घनता शिलारसाच्या घनतेच्या इतकी जवळ असते की त्याने तळाशी जाऊन बसावे असे कारण दिसत नाही, आणि तरीही कोठाराच्या तळाशी प्लॅजिओक्लेजचे जाड थर आढळतात. म्हणून स्फटिक तळावर आणि भिंतींवर जागच्या जागीच वाढले असावेत, शिलारसात प्रवाह असावेत, आणि अधूनमधून ताजा शिलारस आत येऊन सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असावा, असेही मानले जाते. आमच्या मते जड ते खाली, हलके ते वर हे चित्र पहिल्या पाठापुरते ठीक आहे. त्यावर थांबणे बरोबर नाही.

या विषयाचे सर्वांत गाजलेले उदाहरण पूर्व ग्रीनलंडमधील स्केरगार्ड येथील अंतर्वेशन, म्हणजे जुन्या खडकांत शिरून थिजलेले शिलारसाचे वस्तुमान, हे आहे. वेजर आणि डीअर या भूवैज्ञानिकांनी १९३९ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि थरयुक्त गॅब्रोचा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. आकाराने सर्वांत मोठे म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेतले बुशवेल्ड, ज्याचे वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे.

बडोद्याच्या आसपास गॅब्रो कुठे पाहायला मिळतो?

छोटा उदेपूर जिल्ह्यात, फेनाई मातेच्या डोंगरावर. हा भाग २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होता, त्यामुळे जुन्या भूवैज्ञानिक लेखांत त्याचा पत्ता वडोदरा जिल्हा असाच सापडतो. वाचकाने गोंधळून जाऊ नये.

नर्मदेच्या खोऱ्याला समांतर असा जो कवचातला जुना, दुबळा पट्टा आहे, त्यातून दख्खनच्या ज्वालामुखी काळात शिलारस निरनिराळ्या जागी वर घुसला. फेनाई मातेचा डोंगर त्यांपैकीच एक. लाव्हाच्या थरांत शिरलेल्या या वस्तुमानात थरयुक्त गॅब्रो आहे, प्लॅजिओक्लेजचे प्रमाण वाढून ॲनॉर्थोसाइटकडे झुकलेला गॅब्रो आहे, त्याच परिसरात क्वार्ट्झ आणि फेल्स्पार यांची गुंफण असलेला ग्रॅनोफायर आहे, नेफेलीन सायनाइट हा अल्कधर्मी खडक आहे आणि या सर्वांना छेदणाऱ्या भित्तीही आहेत. एवढ्याशा परिसरात इतकी विविधता असल्याने अभ्यासकांची पावले तिकडे वळत आली आहेत. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, खनिजातल्या आर्गॉनवरून वय काढण्याच्या पद्धतीच्या मापनात इथल्या खडकाचे वय सुमारे ६.५ कोटी वर्षे आले, म्हणजे दख्खनच्या मुख्य लाव्हा-प्रवाहांच्या किंचित नंतरचे.

ग्रॅनोफायर आणि गॅब्रो शेजारी शेजारी सापडावेत, यात स्फटिकीभवनाच्या क्रमाचा संबंध उघड आहे. गॅब्रोचे स्फटिक वेगळे होत गेल्यावर जो सिलिकायुक्त द्रव शेवटी उरतो, त्यातून असा खडक बनू शकतो. तथापि तापलेल्या शिलारसाने भोवतालच्या जुन्या कवचाचा काही भाग वितळवून पोटात घेतला तरीही सिलिका वाढते, त्यामुळे एखाद्या जागी यांपैकी कोणते कारण प्रधान हे समस्थानिकांच्या मापनावाचून ठरवता येत नाही.

त्याच जिल्ह्यातले अंबाडुंगर कार्बोनेटाइटसाठी आणि फ्लोरस्पारसाठी प्रसिद्ध आहे. तो खडक अग्निज असूनही कॅल्साइटचा बनलेला असतो, म्हणून त्याचा विचार इथे करत नाही. सौराष्ट्रात जाणे होत असेल तर गिरनारच्या वस्तुमानातही गॅब्रो, डायोराइट आणि सायनाइट आहेत.

पावागडावरचा काळा दगड गॅब्रो आहे का?

नाही. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर असलेला पावागड लाव्हाच्या एकावर एक थरांचा बनलेला आहे. खालचे थर बेसॉल्ट व त्याच्या जवळच्या जातींचे आहेत आणि माथ्याकडे सिलिका भरपूर असलेला, फिकट रायोलाइट आहे. गोंधळ होतो तो खालच्या काही थरांमुळे. त्यांत ऑलिव्हीनचे आणि पायरोक्सीनचे मोठाले दाणे उघड्या डोळ्यांना दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की खडक भरडकणी आहे. अशा वेळी मोठ्या दाण्यांकडे न पाहता त्यांच्या मधल्या भागाकडे पाहावे. तो भाग बारीक, दाणे न दिसणारा असेल तर मोठे स्फटिक खाली कोठारात वाढले आणि उरलेला रस वर येऊन झटपट थिजला, असा त्याचा अर्थ होतो. गॅब्रोत असा बारीक पोताचा भाग नसतो. स्फटिकाला स्फटिक भिडलेला असतो.

आमच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट खरोखर ग्रॅनाइट असतो का?

बहुतेक वेळा नसतो. दगडाच्या व्यापारात झिलई घेणारा कोणताही कठीण स्फटिकी खडक ग्रॅनाइट या नावाने विकला जातो. त्यामुळे काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारी लादी गॅब्रो, ऑर्थोपायरोक्सीन अधिक असलेला त्याचाच भाऊबंद नोराइट किंवा डोलेराइट यांपैकी काहीतरी असते. कर्नाटक, तेलंगण आणि तामिळनाडू इथून येणारा बारीक पोताचा, एकसारखा काळा दगड पुष्कळदा डोलेराइटच्या भित्तींमधून काढलेला असतो. सोनेरी ठिपक्यांची जी काळी लादी ब्लॅक गॅलेक्सी नावाने खपते, ती आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यातल्या चीमकुर्ती इथल्या गॅब्रो-नोराइट प्रकारच्या खडकाची असते. ते ठिपके सोन्याचे नव्हेत आणि अभ्रकाचेही नव्हेत. ब्रॉन्झाइट या ऑर्थोपायरोक्सीनच्या स्फटिकांवरून प्रकाश परतल्यामुळे ते सोनेरी दिसतात. ओट्यापाशी उभे राहून डोके थोडे हलवले की काही ठिपके विझतात आणि दुसरे पेटतात, कारण प्रत्येक स्फटिकाची दिशा निराळी असते.

व्यापाऱ्याने याला ग्रॅनाइट म्हणावे की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ग्राहकाच्या दृष्टीने या दगडात क्वार्ट्झ नसतो हे कळणे महत्त्वाचे, कारण क्वार्ट्झची कठिनता ७, प्लॅजिओक्लेजची ६ ते ६.५ आणि पायरोक्सीनची ५ ते ६ असते. साध्या सुरीने गॅब्रोवर सहज ओरखडा उठत नाही, पण क्वार्ट्झयुक्त वाळू रगडली गेली तर झिलई मंदावते.

कडाप्पा आणि काळा ग्रॅनाइट घरच्या घरी कसे ओळखावेत?

जुन्या घरांतले ओटे आणि मांडण्या कडाप्प्याच्या असत. कडाप्पा हा गाळाचा, चुनखडीचा खडक आहे. त्यात दाणे दिसत नाहीत. अणकुचीदार खिळ्याने कोपऱ्यात खरवडून निघालेल्या भुकटीवर लिंबाचा रस टाकला तर बारीक बुडबुडे येतात. गॅब्रोच्या भुकटीवर येत नाहीत. खिळाही गॅब्रोवर घसरतो, कडाप्प्यावर रुततो.

ग्रॅनाइट आणि गॅब्रो यांतला फरक वजनावरून काढता येतो. ग्रॅनाइटची घनता सुमारे २.६५ आणि गॅब्रोची सुमारे ३ असते. कारागिराने कापून टाकलेला एखादा तुकडा घ्यावा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि तो तुकडा दोऱ्याने बांधून, तळाला व कडांना न लागता, पाण्यात पूर्ण बुडेल असा धरावा. काटा आता जो आकडा दाखवेल तो तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो. तुकडा ६०० ग्रॅमचा असेल तर गॅब्रोच्या बाबतीत हा आकडा २०० च्या जवळ आणि ग्रॅनाइटच्या बाबतीत २२५ च्या जवळ येतो. कडाप्पा आणि ग्रॅनाइट यांच्या घनता जवळपास असल्याने त्या दोघांतला निवाडा मात्र या रीतीने होत नाही.

हाच फरक लादी उचलणाऱ्या मजुरांच्या खांद्यांना जाणवतो. दहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड गॅब्रोची लादी सुमारे १०० किलो भरते, तेवढीच ग्रॅनाइटची ८९ किलोच्या आसपास.

लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे ॲसिड यांनी हा दगड खराब होतो का?

लिंबाने सहसा नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडने होऊ शकतो, कारण कॅल्शियम जास्त असलेल्या प्लॅजिओक्लेजवर आणि ऑलिव्हीनवर त्याची क्रिया होते. संडास धुण्याचे ॲसिड ओट्यावर वापरू नये.

काळ्या ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो, हे खरे का?

खडकातला किरणोत्सर्ग मुख्यत्वे युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्यामुळे असतो आणि ही तिन्ही मूलद्रव्ये शिलारसाच्या शेवटच्या, सिलिकायुक्त भागात साठतात. गॅब्रोत ती खऱ्या ग्रॅनाइटच्या मानाने फारच कमी असतात. काळजीचे कारण नाही.

कारखान्यात मापनासाठी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट वापरतात, तीही याच दगडाची का?

मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या तपासणी विभागांत जी काळी, जाड, आरशासारखी सपाट प्लेट असते, ती पुष्कळदा गॅब्रो किंवा डोलेराइटची असते. ओतीव लोखंडाच्या जागी हा दगड येण्याची कारणे त्याच्या खनिजरचनेत आहेत. तो गंजत नाही आणि चुंबकाला चिकटत नाही. त्यातले मॅग्नेटाइटचे कण फक्त संवेदनशील उपकरणाला जाणवतात. जड वस्तू पडली तर लोखंडावर खड्ड्याभोवती कड वर येते आणि माप चुकते, दगडाची मात्र कपची उडते, भोवतालची पातळी तशीच राहते. क्वार्ट्झ तापल्यावर फेल्स्पारपेक्षा जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे क्वार्ट्झविरहित काळा दगड तापमानाच्या फरकाला खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा कमी प्रतिसाद देतो. आणि हा खडक थिजून कोट्यवधी वर्षे लोटलेली असल्याने नव्या ओतकामात राहतो तसा अंतर्गत ताण त्यात सहसा उरलेला नसतो.

गॅब्रो हा दुर्मीळ खडक आहे का?

जमिनीवर तुलनेने कमी दिसतो, पृथ्वीवर मात्र मुबलक आहे. सागरी कवच सरासरी सहा-सात किलोमीटर जाड असते आणि त्याचा खालचा सुमारे दोन तृतीयांश भाग गॅब्रोचा असतो. मध्यसागरी पर्वतरांगांखाली शिलारस सतत येत असतो. त्यातला वरचा भाग समुद्रतळावर लाव्हा होऊन पसरतो, मधला उभ्या भित्तींच्या रूपाने थिजतो आणि तळचा गॅब्रो होतो. हिंदी महासागरातल्या नैर्ऋत्य भारतीय पर्वतरांगेवर, भूहालचालींमुळे गॅब्रो थेट समुद्रतळावर उघडा पडलेल्या एका जागी, १९८७ साली एक विवर घेण्यास सुरुवात झाली. १९९७ साली ते १५०८ मीटर खोलीपर्यंत नेण्यात आले आणि त्यातून जवळजवळ अखंड गॅब्रोचे नमुने वर आले. जमिनीवर अशा सागरी कवचाचे उचलले गेलेले तुकडे ओमान आणि सायप्रसमध्ये उत्तम दिसतात. भारतात लडाख, नागालँड-मणिपूर आणि अंदमान इथे त्यांचे अवशेष आहेत. चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांतही प्लॅजिओक्लेज व ऑलिव्हीन यांचा बनलेला, गॅब्रोच्या कुळातला ट्रॉक्टोलाइट आहे.

त्यातून धातू मिळतात का?

साध्या गॅब्रोतून नाही. पण मोठ्या थरयुक्त वस्तुमानांत क्रोमाइट, व्हॅनेडियमयुक्त मॅग्नेटाइट आणि प्लॅटिनम यांचे पातळ, दूरवर पसरलेले थर असतात. बुशवेल्ड हे जगातले प्लॅटिनमचे सर्वांत मोठे भांडार आहे.

गॅब्रो झिजून काय होतो?

पाण्याच्या संपर्काने ऑलिव्हीन सर्वांत आधी बिघडते, त्यामागोमाग पायरोक्सीन आणि कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज. म्हणजे जी खनिजे जास्त तापमानाला आधी तयार झाली, तीच पृष्ठभागावर आधी विघटित होतात. फटींमधून पाणी शिरून कोपरे झिजतात आणि गोलाकार धोंडे मागे राहतात. अशा खडकांतून लोहाची ऑक्साइडे आणि पाण्याने फुगणारी चिकणमाती बनते. डभोई-करजण बाजूची कपाशीची काळी माती मुख्यतः याच रसायनाच्या बेसॉल्टच्या गाळातून आलेली आहे.

विद्यार्थ्यांनी गॅब्रोचा नमुना कसा घ्यावा?

डोंगरावरचा सुटा धोंडा घेऊ नये, तो कुठून घरंगळत आला हे सांगता येत नाही. जागेवरच्या खडकाचा मुठीएवढा, एक तरी बाजू ताजी फुटलेली असेल असा तुकडा घ्यावा. थर दिसत असतील तर वरची बाजू कोणती याचा बाण तुकडा काढण्याआधीच खडूने काढावा. फेनाई मातेचा डोंगर श्रद्धास्थान आहे, त्यामुळे देवस्थानाच्या परिसरात हातोडा चालवू नये आणि इतरत्रही गावकऱ्यांना विचारूनच नमुना घ्यावा. घरी आणल्यावर खनिजांचा निश्चित निर्णय हवा असेल तर ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप करवून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांत ही सोय असते. तिथे नमुना नेताना जागा, दिनांक आणि शेजारचा खडक कोणता होता ही नोंद चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी.